सन्मानाचा गोफ आणि केळुसकर गुरुजींची भेट



अमेरिकेत हायस्कूल संपताना मुले झगा व चौकोनी टोपी घालून प्रमाणपत्र घेतात. काहींच्या गळ्यात रंगीत गोफ असतो. त्याला 'ऑनर कॉर्ड' म्हणतात. कोणत्या यशाला कोणता रंग, हे ती ती शाळा ठरवते. सोनेरी गोफ बहुधा उत्तम गुणांचा. झग्याची प्रथा मात्र युरोपातील मध्ययुगीन विद्यापीठांतून आलेली आहे.

५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने परमपूज्य बाबासाहेबांना एल्‌एल.डी. ही सन्माननीय पदवी दिली. झग्यातील त्यांचे छायाचित्र आपल्या अनेक घरांत आहे. पण त्यांचा पहिला जाहीर सत्कार आठवावा. १९०७ साली ते एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले, तेव्हा मुंबईत अभिनंदनाची सभा भरली. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे १९३५ साली आपल्याच जिल्ह्यातील येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली आणि १९५६ साली नागपुरात धम्मदीक्षा. या वाटेच्या आरंभी ते पुस्तक होते.

म्हणून सभासदांना आमची विनंती आहे, की दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींच्या सत्कारात हारतुऱ्यांबरोबर एक चांगले पुस्तक अवश्य द्यावे. आणि विद्यार्थ्यांनो, ते कपाटात न ठेवता वाचावे.

जयभीम!