आरोग्यधोरणविषयक जनमत आणि निवडणूक : विश्रांतवाडीच्या संदर्भात

विश्रांतवाडीतील मतदार महापालिका, विधानसभा व लोकसभा अशा तीन निवडणुकांत मत देतो; आरोग्याची जबाबदारीही या तिन्ही स्तरांत विभागलेली आहे. सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्यसूचीतील विषय होय. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य नागरी संस्थांकडे सोपविण्याची तरतूद आहे, तर २०१८ पासून ‘आयुष्मान भारत’द्वारे केंद्रही रुग्णालयीन उपचारखर्चाचा काही भार उचलते. परिणामी दवाखान्यात औषध न मिळाल्यास दोष कोणाचा, हे मतदाराला सहज ठरविता येत नाही. योजनेचे कार्ड हाती पडते, म्हणून त्याचे श्रेय घेता येते. डासनिर्मूलनाने वा लसीकरणाने टळलेला आजार मात्र दिसत नाही. त्यामुळे प्रचारात प्रतिबंधाला गौण स्थान मिळण्याचा संभव असतो.

मत अनुकूल असो वा प्रतिकूल, ते वेळेवर नोंदविता येणे आवश्यक असते. कोविडकाळातील पुणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली; त्यानंतरचे मतदान जानेवारी २०२६ मध्ये झाले. दरम्यान कारभार प्रशासकाकडे होता. महासाथीतील नागरी आरोग्यव्यवस्थेवर कौल देण्याची संधी अशा रीतीने सुमारे चार वर्षे लांबली. आरोग्यविषयक जनमत निवडणुकीला आकार देते, हे विधान म्हणूनच दोन अटींवर अवलंबून आहे : जबाबदारीची स्पष्टता आणि निवडणुकीची नियमितता.