अणुभट्टीची परवानगी: जनतेसाठी एकच दार

शिरूरच्या ऊस-कांद्याला पाणी देणारा पंप आणि दौंड जंक्शनवरून विजेवर धावणारी गाडी ज्या वीजजाळ्यावर चालते, त्यात १९६९पासून तारापूरची अणुवीज मिसळते आहे. दौंडच्या शेजारी इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा कारखाना अणुभट्ट्यांसाठी अवजड यंत्रसामग्री घडवतो. तेव्हा अणुऊर्जा आपल्याला परकी नाही. अनोळखी आहे ती नव्या प्रकल्पाला परवानगी मिळण्याची प्रक्रिया. महाराष्ट्रात ती समजून घ्यायची, तर राजापूर तालुक्यातील जैतापूरकडे पाहावे लागते.

या जागेला केंद्राने २००५ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली. माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे आणि वरिलवाडा या गावांची सुमारे ९३८ हेक्टर जमीन घ्यायची आणि प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या उभारायच्या, अशी योजना होती. पर्यावरणीय परिणामांचा अहवाल नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने केला. १६ मे २०१० रोजी जनसुनावणी झाली. अहवालाची मराठी प्रत सर्व गावांना वेळेत मिळाली नाही, अशी ग्रामस्थांची तक्रार होती. तरीही २८ नोव्हेंबरला ३५ अटींसह पर्यावरण मंजुरी मिळाली आणि आठच दिवसांनी फ्रेंच कंपनीशी करार झाला. पुढच्या मार्चमध्ये फुकुशिमाची दुर्घटना घडली. एप्रिलमध्ये जवळच्या नाटे येथे प्रकल्पविरोधी आंदोलकांवर गोळीबार होऊन एकाचा मृत्यू झाला. प्रकल्पाचे बांधकाम अजून सुरू झालेले नाही.

पर्यावरण मंजुरी म्हणजे अणुभट्टीचा परवाना नव्हे. तो अणुऊर्जा नियामक मंडळ देते, तेही टप्प्याटप्प्याने: आधी जागा, मग बांधकाम, मग चाचण्या आणि शेवटी नियमित चालवणे. बांधकामातही खोदकाम, पहिले काँक्रीट आणि मुख्य यंत्रांची उभारणी यांना वेगवेगळी संमती लागते. जागा निवडताना भूकंप, पूर, शीतकरणाचे पाणी आणि लोकवस्ती तपासतात. भट्टीभोवती किमान एक किलोमीटर वस्ती चालत नाही आणि आणीबाणीचे नियोजन १६ किलोमीटरपर्यंत करावे लागते. या टप्प्यांना वर्षे लागतात: गुजरातेत काक्रापारच्या तिसऱ्या भट्टीचे पहिले काँक्रीट २०१० मध्ये पडले, साखळी प्रक्रिया २०२० मध्ये सुरू झाली आणि व्यापारी वीजनिर्मिती २०२३ मध्ये.

ही तपासणी कसोशीची आहे. पण तिच्या एकाही टप्प्यावर जनसुनावणीची तरतूद नाही. लोकांना बोलता येते ते पर्यावरणाच्या सुनावणीत, आणि किरणोत्सर्गाच्या सुरक्षेचा तांत्रिक निर्णय होतो तो मंडळात. गावकऱ्याच्या मनातला सर्वांत मोठा प्रश्न त्यामुळे जिथे विचारता येतो तिथे सुटत नाही, आणि जिथे सुटतो तिथे गावकऱ्याला प्रवेश नाही.

मंडळाच्या स्वायत्ततेचा प्रश्नही जुना आहे. १९८३ मध्ये ते सरकारी आदेशाने स्थापन झाले, कायद्याने नव्हे. अणुभट्ट्या चालवणारे अणुवीज महामंडळ आणि नियामक मंडळ या दोघांच्याही वरच्या साखळीत अणुऊर्जा विभागाचेच सचिव होते. महालेखापरीक्षकांनी (कॅग) २०१२ मध्ये यावर बोट ठेवले. स्वतंत्र प्राधिकरणाचे २०११चे विधेयक लोकसभेच्या मुदतीबरोबर बारगळले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ‘शांती’ कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला आणि खाजगी कंपन्यांनाही अणुवीजनिर्मितीची वाट मोकळी केली. नफ्यासाठी चालणारे प्रकल्प येणार असतील, तर सुरक्षा अहवाल लोकांपुढे ठेवणे आणि जागेच्या संमतीपूर्वी जाहीर सुनावणी घेणे ही मंडळाची जबाबदारी ठरली पाहिजे.

तोवर आहे त्या हक्काचा तरी पुरेपूर वापर करू या. पर्यावरण मंजुरीच्या २००६च्या अधिसूचनेनुसार सुनावणीची किमान तीस दिवसांची सूचना, स्थानिक भाषेतला सारांश आणि इतिवृत्ताचे जागेवरच वाचन बंधनकारक आहे. हा नियम अणुप्रकल्पापुरता नाही. शिरूर-दौंडमध्ये मोठ्या उद्योगाची अशी सुनावणी लागली, तर अहवाल आधी मागून वाचा, हरकत लेखी द्या आणि ती इतिवृत्तात नोंदली गेल्याची खात्री करूनच सभा सोडा.