सरकत्या भिंतीचा बंदोबस्त

अमेरिकेत पिकअप गाडीच्या मागे जोडून नेतात त्या चाकांवरच्या घराला, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलरला, रस्त्याच्या नियमांमुळे साडेआठ फुटांहून अधिक रुंदी सहसा मिळत नाही. आणि एवढ्या बोळात निजणे, जेवणे, उठणे-बसणे हे सारे व्यवहार उरकावयाचे म्हणजे कुटुंबाची कुचंबणा ठरलेलीच. तिच्यावर तेथील कारागिरांनी काढलेली तोड म्हणजे स्लाइड-आउट. मुक्कामी पोहोचून बटण दाबले की भिंतीचा एक भाग, त्यावरील सोफा वा जेवणाच्या मेजासह, कपाटाच्या खणासारखा दोन-तीन फूट बाहेर सरकतो आणि निघतेवेळी पुन्हा आत येतो. इंडियाना राज्यातील नॅपनी येथील न्यूमार कंपनीने १९९० साली ही सोय आपल्या गाड्यांत आणली आणि पुढे ती सर्वत्र रूढ झाली. परंतु ज्या भिंतीला हालचालीची मुभा दिली, तिची जामिनकी मालकानेच पत्करावी लागते, ही गोष्ट ट्रेलर घेताना फारच थोड्यांच्या ध्यानात येते.

भिंत हलेनाशी झाली की बहुतेक लोक मोटरीला दोष देतात. वस्तुतः पहिली चौकशी बॅटरीची व्हावी. ही यंत्रणा १२ व्होल्टवर चालते, आणि पूर्ण भरलेली शिशाची बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवीत असली, तरी जीर्ण बॅटरी भार पडताच कोसळते. म्हणून मीटर लावावयाचा तो कोणी बटण दाबून धरलेले असतानाच. त्यानंतर फ्यूज, बॅटरीच्या टोकांवरील पांढरट क्षार आणि सांगाड्याला जोडलेली गंजकी तार यांची पाहणी करावी. बटण दाबूनही सर्वत्र शांतता असेल तर दोष बहुधा विजेचा. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण भिंत जागची हलत नाही, तर भिंत सरकवणारे दातेरी चाक मोटरीपासून सुटले आहे किंवा त्यांना जोडणारी खीळ तुटली आहे, असे समजावे.

श्विंटेक नावाच्या रचनेची गोष्ट निराळी, आणि ती नीट समजून घेण्याजोगी आहे. तिच्यात भिंतीच्या दोन्ही कडांना एकेक छोटी मोटर असते. दोहोंना जोडणारा दांडा नसतो. प्रत्येकीचे फेरे संवेदकाने मोजून त्यांची चाल बरोबर ठेवण्याचे काम एका नियंत्रकाकडे असते. भिंत वारंवार अर्ध्यावर थांबवली की हा हिशेब चुकत जातो, एक कड पुढे व दुसरी मागे राहते, आणि भिंत तिरकी होऊन अडकते. म्हणून भिंत टोकाला पोहोचल्यावरही बटण लगेच न सोडता, दोन्ही मोटरी आपण होऊन थांबून काही क्षण लोटेपर्यंत ते दाबून ठेवण्याचा शिरस्ता पाळावा. अडलेल्या भिंतीवर पुनःपुन्हा बटणाचा जोर करणे मला अक्षम्य वाटते, कारण त्यात दातच झिजतात. बहुतेक यंत्रणांत भिंत हाताने आत घेण्याची तजवीज असते; तिची जागा व रीत पहिल्या प्रवासापूर्वीच पाहून ठेवावी. ट्रेलर समतल करणे, आतले खण व कपाटे बंद असल्याची आणि बाहेर झाड वा खांब आड येत नसल्याची खात्री करणे, हे तर ओघानेच आले.

भिंतीभोवतीच्या रबरी पट्ट्या उन्हाने कडक होतात व भेगाळतात. त्यांना रबरासाठीच बनवलेले द्रव्य अधूनमधून लावावे. खनिज तेलाचे पदार्थ मात्र रबर फुगवून सैल करतात, तेव्हा ते कटाक्षाने टाळावेत. भिंत सरकवणाऱ्या दातेरी पट्टीलाही ग्रीसपेक्षा कोरडे वंगण बरे, कारण ग्रीसला रस्त्याची वाळू चिकटते. भिंत आत घेण्यापूर्वी शिडी लावून स्लाइडच्या छतावरचा पाचोळा व साचलेले पाणी झाडून काढण्याचा कंटाळा करू नये, कारण पाइनच्या सुया नि काटक्या रबरी पट्टीखाली सापडल्या की ती दुमडते, फाटते, आणि पुढचे काम पाणी करते.

हे पाणी बहुधा सरकत्या भागाच्या जमिनीच्या बाहेरच्या कोपऱ्यांत मुरते. पुष्कळ ट्रेलरांत ही जमीन लाकडाच्या चिपा दाबून केलेल्या फळ्यांची असते आणि ओल लागताच त्या फुगतात. दर ऋतूच्या आरंभी खाली वाकून त्या कोपऱ्यांवर अंगठा जोराने दाबून पाहावा. अंगठा किंचितही रुतला, तर ओल कोठून येते ते शोधून तत्काळ दुरुस्ती करावी, कारण कूज आत पसरली की पुष्कळदा सबंध सरकता भागच ट्रेलरमधून काढून जमीन नव्याने घालावी लागते.