मेंदूतून मिरवणुकीत

संघ ‘दिमाखात’ अंतिम फेरी गाठतो, संमेलनाचं उद्‌घाटन ‘दिमाखदार’ होतं आणि मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ला ‘दिमाखात’ उभा असतो. क्रीडापानापासून लग्नमांडवापर्यंत संचार असलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ मात्र आहे मेंदू!

अरबी ‘दिमाग’ म्हणजे मेंदू. फारसीमार्गे इकडे येताना त्याला आणखी एक अर्थ चिकटला : डोक्यात चढलेला गर्व. हिंदी-उर्दूत हे दोन्ही अर्थ आजही नांदतात. मराठीला मेंदूसाठी उसना शब्द नको होता. मेंदू आणि डोकं घरचेच होते. तिनं फक्त ताठा उचलला, ‘ग’चा ‘ख’ केला आणि पुढे त्या ताठ्यातली शोभाही हेरली.

बहमनी राज्य १३४७मध्ये स्थापन झालं. तेव्हापासून कित्येक शतकं फारसी ही दख्खनच्या दरबारांची भाषा होती. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून कारभारातल्या यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकात सावरकरांच्या भाषाशुद्धीनं ‘तारखे’समोर ‘दिनांक’ उभा केला. १९२५मध्ये फार्शी-मराठी कोश सिद्ध करणारे माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, पुढे याच भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले. दिमाख या सगळ्यातून तरला.

त्याचा जुना स्वभावही पुरता गेलेला नाही. ‘दिमाखात’ आणि ‘दिमाखदार’ म्हटलं की कौतुक. पण ‘दिमाख दाखवू नकोस’ किंवा ‘एवढा कसला दिमाख?’ म्हटलं की भांडणाची सुरुवात. शब्द तोच, शेजार बदलला.

त्याच्या भावंडांचीही तऱ्हा न्यारी. ‘रुबाब’ अरबीतल्या धाकाच्या घराण्यातला. म्हणून तो फौजदाराला शोभतो, नवरीला तितकासा नाही. ‘डौल’ चालीत, वळणात, शिडाच्या होडीत दिसतो. ‘भपका’ वासाचाही असतो आणि श्रीमंतीचाही. दोन्हीकडे तो नको तितका अंगावर येतो.

पोळ्याला शिंगं रंगवलेला, झूल पांघरलेला बैल वेशीतून दिमाखात जातो, तेव्हा त्याला कुणी गर्विष्ठ म्हणत नाही. त्याच्यापुढे त्याच चालीनं निघालेल्या पुढाऱ्याबद्दल मात्र पारावर वेगळंच बोललं जातं.