वाहन विमा (भारत)

वाहन विमा हा मोटार वाहनामुळे उद्भवणारे दायित्व आणि वाहनाची हानी यांपासून आर्थिक संरक्षण देणारा करार होय. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार भारतात त्रयस्थ पक्ष विमा (थर्ड पार्टी) अनिवार्य आहे. त्यातून अपघातग्रस्त त्रयस्थाला किंवा त्याच्या वारसांना भरपाई मिळते. विमाधारकाच्या स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीला मात्र काहीही मिळत नाही. ही बाब अनेक वाहनमालकांच्या लक्षात अपघातानंतरच येते.

गाडीच्या नुकसानीसाठी सर्वसमावेशक पॉलिसी लागते. तीत अपघात, आग, चोरी, पूर, वादळ, भूकंप, दरड कोसळणे व दंगल यांचा समावेश असतो. नेहमीची झीज, यांत्रिक बिघाड, तसेच मद्यपान करून किंवा वैध परवान्याविना वाहन चालवताना झालेली हानी वगळलेली असते.

पुराच्या दाव्यांत सर्वाधिक वाद इंजिनावरून होतात. साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू केल्यास सिलिंडरमध्ये पाणी खेचले जाते. हवेप्रमाणे पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडीत पाणी शिरून खराब झालेली आसने व वायरिंग यांची भरपाई मिळते, परंतु इंजिनाची ही हानी 'परिणामी हानी' ठरवून सहसा नाकारली जाते. तिच्यासाठी जादा हप्ता भरून 'इंजिन संरक्षण' ही पुरवणी घ्यावी लागते.

मान्य झालेल्या दाव्यातूनही घसारा वजा होतो: रबर, प्लास्टिकचे भाग व बॅटरी यांवर ५० टक्के, काचेवर शून्य. गाडी चोरीस गेल्यास खरेदीची किंमत नव्हे, तर पॉलिसीत नमूद केलेले 'विमित घोषित मूल्य' हा भरपाईचा आधार असतो.