केस लवकर तेलकट कां होतात?

न्हाऊन एक दिवस लोटला न लोटला तोंच केस तेलकट होऊन कपाळास चिकटतात, ही पुष्कळ विद्यार्थ्यांची तक्रार असते. घरीं मात्र त्यांस अस्वच्छतेबद्दल बोल बसतो. आमच्या मतें हा अन्याय होय.

केसांच्या मुळांशीं बारीक तैलग्रंथी असतात. त्यांतून पाझरणारें तेल केस व त्वचा मऊ राखतें. वयांत येतांना शरीरांतील हार्मोन वाढतात आणि या ग्रंथी अधिक तेल सोडूं लागतात. तेव्हां दोष मुलांचा नसून वयाचा आहे. वारंवार न्हाल्यानें तेल अधिक सुटतें, या समजासही आधार नाहीं. ग्रंथी हार्मोनच्या आज्ञेंत चालतात, पाण्याच्या नव्हे.

म्हणून गरजेप्रमाणें, एक दिवसाआड देखील, सौम्य शाम्पूनें किंवा शिकेकाई-रिठ्यानें न्हावें. शिकेकाई व रिठा यांत सॅपोनिन नांवाचें द्रव्य असतें. त्याच्या कणाचें एक टोंक तेलास धरतें, दुसरें पाण्यास. त्यामुळें तेल पाण्याबरोबर निघून जातें. गंगापूर रोडवर ज्यांच्या घरीं विंधणविहिरीचें पाणी जड असेल, त्यांनीं डोक्यास साबण लावूं नये. त्या पाण्यांतील क्षारांशीं साबण मिळून चिकट साका केसांवर बसतो, आणि धुतलेले केसही मळकट वाटतात.

शाळेस निघतांना खोबरेल थापूं नये. लावावयाचेंच तर न्हाण्यापूर्वीं लावावें. फणी व उशीचा अभ्रा वरचेवर धुवावा. खाज व कोंडा हटत नसल्यास डॉक्टरांस दाखवावें.

पालकांनीं बोल लावण्याऐवजीं कोमट पाण्याची बादली काढून द्यावी, हें उत्तम.