फी सांगताना आवाज का अडखळतो?

खासगी प्रॅक्टिस सुरू करताना समुपदेशकाला धास्ती असते, आपल्याकडे येणार कोण? आकडे उलट सांगतात. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक विकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांबाहेर आढळले. म्हणजे गरज अफाट आहे. अडखळतो तो फी सांगणारा आवाज. तो आपोआप धीट होण्याची वाट पाहू नये. फी, वेळ आणि ऐनवेळी भेट रद्द झाल्यास द्यायची रक्कम पहिल्या भेटीआधीच लेखी कळवावी, म्हणजे दर वेळी संकोचाशी झगडावे लागत नाही.

दुःखाचे पैसे कसे घ्यायचे, हा आक्षेप मनापासूनचा असतो. पण पैसे दुःखाचे नसतातच. ५० मिनिटांच्या भेटीमागे नोंदी, अभ्यास आणि ज्येष्ठांचे सुपरव्हिजन असते. उत्पन्न अपुरे पडले की आधी कात्री लागते ती यालाच, आणि नुकसान रुग्णाचे होते. सवलतीच्या भेटी जरूर ठेवाव्यात, मात्र त्यांची संख्या आणि निकष आधी ठरवून. मन द्रवले की सूट, हा न्याय नव्हे. ज्यांना सवलतीची फीही झेपत नाही, त्यांना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आवर्जून द्या.